मागच्या सीटवरून कार्रेतेरा आउस्त्राल

चिलीच्या दक्षिणेत पुएर्तो मोंत ते विया ओ'हिगिन्स असा सुमारे १२४० किलोमीटरचा एक रस्ता आहे, कार्रेतेरा आउस्त्राल. एका हाताला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या हाताला जमिनीत खोल घुसलेला समुद्र, मध्ये ओलं जंगल. काही ठिकाणी डोंगर सरळ पाण्यात उतरतो, तिथे रस्ताच नाही. गाडी बोटीवर चढवावी लागते. गेल्या फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको एका भाड्याच्या बाईकवर हा रस्ता करून आलो. त्याने चालवली, मी मागे बसले. त्यावर इथे लिहिल्यापासून पत्रं येताहेत. बहुतेक पत्रं बायकांची आहेत, त्यामुळे मला फार बरं वाटलं. निवडक प्रश्न घेते आहे.

प्रश्न : माझे यजमान तीस वर्षं बुलेट चालवतात. मी कायम मागे. एका दिवसात दीडशे किलोमीटरच्या पुढे कधी बसलेले नाही, तेही डांबरी रस्त्यावर. कंबर मधूनमधून धरते. ते तिथल्या प्रवासाचा रोज तीनशे किलोमीटरचा हिशेब मांडून बसलेत. मला झेपेल का?

ताई, प्रवास झेपेल. तीनशेचा हिशेब झेपणार नाही, आणि खरं सांगायचं तर तो तुमच्या यजमानांनाही झेपणार नाही.

आधी मागच्या सीटचं दुखणं समजून घेऊ, कारण चालवणाऱ्याला ते दिसत नाही. त्याच्या हातात हँडल असतं. खड्डा त्याला दहा मीटर आधी दिसतो. तो पायांवर किंचित उठतो आणि दणका गुडघ्यांत मुरवतो. आपल्याला समोर फक्त त्याच्या हेल्मेटची पाठ दिसते. खड्डा आला हे आपल्याला मणक्यातून कळतं. शिवाय आपण जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेलो असतो. त्याच्या तीनशे किलोमीटरात आणि आपल्या तीनशे किलोमीटरात इतका फरक आहे.

या रस्त्याचा बराच भाग आता डांबरी झालाय, पण सेरो कास्तियो गाव मागे पडलं की थोड्याच अंतरावर डांबर संपतं आणि पुढे शेवटपर्यंत मुख्यतः खडी. त्या खडीवर चाकांनी आडव्या लाटा उठतात. तिथले लोक त्याला 'कालामिना' म्हणतात, छपराच्या नालीदार पत्र्यालाही हाच शब्द आहे. हळू जा, प्रत्येक लाट वेगळी बसते. जोरात जा, गाडी लाटांच्या माथ्यावरून तरंगते पण ब्रेक लागत नाही. दोघं बसलेल्या, सामान लादलेल्या बाईकला हळू जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

आम्ही कोयाइके ते रिओ त्रांकिलो हा सव्वादोनशेच्या आतबाहेरचा टप्पा एका दिवसात धरला होता. दुपारी दोनच्या सुमारास माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली. मी काही बोलले नाही. आपण त्याला अडवायचं नाही, ही मागच्या सीटवरची जुनी सवय. पुढे एका लाकडी पुलाशी तो फोटोसाठी थांबला, मी खाली उतरले आणि हेल्मेटचा पट्टा मला सोडता येईना. बोटं पट्ट्यावर होती पण त्यांत जीव नव्हता. त्याने माझ्या हनुवटीखाली हात घालून पट्टा सोडवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "तासभर." तो मटकन खडीतच बसला.

त्या पुलावर आम्ही नकाशा पसरून पुढचा सगळा प्रवास बदलला. खडीच्या दिवशी जास्तीत जास्त एकशेवीस किलोमीटर. दर चाळीस मिनिटांनी उतरायचं, दृश्य असो वा नसो. आणि दिवस कधी संपला हे मी सांगणार. याबदल्यात दोन मुक्काम गाळावे लागले, त्याची मला आजही खंत नाही.

तुमच्या यजमानांना हा हिशेब मांडायला सांगा : अंतर मागे बसणाऱ्याच्या अंगावरून ठरवायचं. आणि निघण्याआधी घराजवळच्या खराब रस्त्यावर पूर्ण सामान लादून सलग दोन दिवस फिरून या. पहिला दिवस काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर पाय टाकताना अंग जे सांगेल ते खरं. कंबरेचं तुमच्या डॉक्टरांना त्याआधी दाखवा, नंतर नको.

खुणाही ठरवून ठेवा. आमच्या साध्या होत्या. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब, तळहात पाठीवर सपाट टेकवला म्हणजे सगळं ठीक आहे. तिसरी खूण मी दर थोड्या वेळाने करायचे. त्याला तिची किती गरज होती हे त्याने घरी आल्यावर सांगितलं.

प्रश्न : बोटींचं नेमकं कसं असतं? बाईक बोटीवर पडत नाही का? आधी तिकीट काढावं लागतं का?

पुएर्तो मोंतहून निघालात की पन्नास किलोमीटरच्या आत पहिली बोट, कालेता ला आरेना ते पुएल्चे. ती अर्ध्या तासाची आहे, सारखी ये-जा करते, रांगेत उभं राहायचं. दुसरी ओर्नोपिरेनहून. ही खरी मोठी. साडेतीन तासांच्या आसपास फियोर्डमधून, म्हणजे डोंगरांमध्ये खोल घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जाते, मग लेप्तेपूला उतरून दहाएक किलोमीटर खडीचा रस्ता, आणि लगेच दुसरी छोटी बोट कालेता गोन्सालोला. हिचं तिकीट आधी काढा. जानेवारी-फेब्रुवारीत तिथल्या लोकांच्याही सुट्ट्या असतात, जागा भरून जातात. तिसरी पुएर्तो युंगाय ते रिओ ब्राव्हो. ती सरकारी, फुकट आणि दिवसातून मोजक्याच फेऱ्या करणारी.

बाईक पडू शकते. पडू नये म्हणून साइड स्टँडवर लावून पहिल्या गिअरमध्ये ठेवा, स्टँडखाली लाकडाचा तुकडा, आणि दोन पट्टे आपल्याजवळ असू द्या. बोटीवरचे लोक मदत करतात, पण पट्टे प्रत्येक वेळी मिळतीलच असं नाही. पुढचा शॉकअप थोडा दबेल इतपत आवळा. गाडी कुठल्याही मोटारीच्या दाराजवळ लावू नका.

बोटीपेक्षा मला बोटीचा उतरता फळा जास्त धोक्याचा वाटतो. तो लोखंडी असतो, समुद्राच्या पाण्याने ओला, त्यावर शेवाळ आणि डिझेल. मागे बसणाऱ्याने तिथे दर वेळी उतरून चालत जायचं. आमच्यापुढच्या एका जोडप्याने आळस केला आणि दोघंही फळ्यावर आडवे झाले. लागलं नाही, पण मागच्या गाड्या खोळंबल्या आणि त्या बाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

प्रश्न : सामान किती घ्यावं? आणि एक स्पष्ट विचारतो, तुम्ही पडलात का?

पडलो. केउलातच्या घाटात.

तो घाट ओल्या जंगलातून वर चढतो, वळणं अगदी आखडती. पाऊस होता. वरून ट्रक आला. नवऱ्याने आतल्या बाजूला गाडी थांबवली, डावा पाय टेकवला आणि पायाखालची खडी सरकली. वेग शून्य होता. दोघांचं वजन आणि भरलेल्या पेट्या एकदा कलल्या की ते कुणाच्या पायाने थोपवता येत नाही. गाडी अगदी सावकाश, एखादी म्हैस बसावी तशी आडवी झाली. माझे पाय फूटरेस्टवर होते, बाजूच्या पेटीच्या चौकटीने गाडी थोडी वर धरली, म्हणून माझा पाय सुखरूप सुटला. त्याचा बूट मात्र पेटीखाली अडकला होता.

हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण कडक पेट्या असलेल्या गाडीवर हाच धोका मोठा आहे. खडीत टेकवलेला पाय मागे राहतो आणि पेटी त्यावर येते. त्यामुळे घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक बूट दोघांनाही हवेत, चालवणाऱ्यालाच नव्हे. मागे बसणाऱ्याने गाडी कलताना पाय काढायचे नाहीत. आणि पडल्यावर पहिलं काम इंजिन बंद करणं, दुसरं पेट्रोलचा वास घेणं. गाडी उचलणं त्यानंतर. उचलताना गाडीकडे पाठ करून सीटला कंबर लावायची, एक हात हँडलला, एक मागच्या चौकटीला, आणि छोटी पावलं टाकत मागे रेटायचं. आधी पेट्या काढा. ट्रकचालक खाली उतरून आला, न बोलता माझ्या बाजूने लागला, आणि आम्ही तिघांनी उभी केली. मग त्याने आपल्या थर्मासमधला गरम चहा मला दिला. भाषा येत नव्हती, पण माझे हात थरथरताना त्याला दिसले असावेत.

आता सामानाचं. दोघांचे कपडे मिळून एक पेटी, दुसऱ्या पेटीत अवजारं, पंक्चरचं साहित्य, हवा भरायचा छोटा पंप, औषधं. जड वस्तू खाली आणि पुढे. मागच्या कॅरिअरवर जड काही बांधलंत तर पुढचं चाक हलकं पडतं आणि खडीत गाडी आपल्या मनाने जाते. भाड्याची बाईक ताब्यात घेताना दोघं बसून मागच्या शॉकअपचा ताण वाढवून घ्या. एकट्याच्या वजनाला लावलेली गाडी दोघांखाली मागून खचते, हेडलाइट आभाळाकडे बघतो आणि वळताना गाडी जड जाते. चाकातली हवाही दोघांच्या वजनाची कंपनीने दिलेली असते, ती बघा. चेनला पावसाच्या दिवशी संध्याकाळीच वंगण द्या, चेन गरम असताना.

प्रश्न : थंडी-पावसाचे कपडे कोणते? उन्हाळ्यात जाऊनही इतकं लागतं?

डिसेंबर ते मार्च हा तिथला उन्हाळा आणि जाण्याचा हंगाम, पण पुयुवापीकडे उन्हाळ्यातही पाऊस दिवसेंदिवस पडतो. पॅसिफिकवरून येणारे ढग डोंगराला अडतात आणि पश्चिमेच्या उतारावर रिकामे होतात. डोंगराच्या पलीकडे, चिले चिकोला, कोरडं ऊन. एकाच प्रवासात दोन्ही भेटतात. म्हणून थर घाला : आत लोकरी, मध्ये गरम, वर पूर्ण जलरोधक सूट. हातमोज्यांचे दोन जोड प्रत्येकी. मागे बसणाऱ्याला इंजिनची ऊब मिळत नाही आणि हालचालही नसते, म्हणून आपल्याला एक थर जास्त लागतो.

शक्य तर फिकट रंग घ्या. जानेवारीत 'ताबानो' नावाची मोठी चावरी माशी असते, ती काळ्या-निळ्या कपड्यांवर तुटून पडते. आम्ही फेब्रुवारीत गेलो म्हणून थोडक्यात सुटलो.

प्रश्न : तिथे ज्वालामुखी आहेत, दरडी कोसळतात असं वाचलं. अशा ठिकाणी काही झालं तर? आमची मुलं जाऊ देत नाहीयेत.

काका, मुलांची काळजी खोटी नाही. चैतेन गावाजवळचा ज्वालामुखी शेकडो वर्षं शांत होता आणि मे २००८ मध्ये फुटला. माणसं बोटींनी बाहेर काढली. नंतर पावसाने राख चिखल होऊन नदीत उतरली, नदी पात्र सोडून गावाच्या मधून वाहू लागली. सरकारने गाव दुसरीकडे वसवायचं ठरवलं होतं, तरी माणसं परत आली. आज तिथे गाव आहे, मुक्कामाच्या खोल्या आहेत, आणि गाडलेली काही घरं तशीच ठेवलेली आहेत. एका घराच्या खिडकीच्या कडेपर्यंत राखाडी माती होती आणि आत पडद्याची दांडी अजून जागेवर. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. पुढे विया सांता लुसियाला डिसेंबर २०१७ मध्ये मुसळधार पावसानंतर डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला, वीसहून जास्त माणसं गेली आणि हाच रस्ता तुटला.

म्हणून वेळापत्रकात किमान तीन दिवस मोकळे ठेवा. मोठ्या पावसात पुढे जायचं नाही, गावातच थांबायचं. रस्त्याची चौकशी 'काराबिनेरोस'कडे, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे करा. बहुतेक गावांत चौकी असते. रुग्णवाहिकेचा नंबर १३१, पोलिसांचा १३३. पण दोन गावांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र आम्ही नेलं होतं. रोज संध्याकाळी मुलीला "पोचलो" एवढाच संदेश जायचा. मुलांना हे दाखवा, त्यांचा निम्मा विरोध मावळेल. चैतेन, कोयाइके आणि कोक्रेन इथे रुग्णालयं आहेत, सर्वांत मोठं कोयाइकेत. लहान गावांत आरोग्य केंद्र असतं, तिथे मलमपट्टी होते, हाड बसवणं नाही. विमा काढताना जखमीला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि मोठ्या इंजिनाच्या बाईकवर मागे बसणारी व्यक्तीही त्यात येते का, हे लेखी विचारा. दुसरा मुद्दा आमच्या पहिल्या पॉलिसीत नव्हता. मी ओळ न् ओळ वाचली म्हणून सापडला.

प्रश्न : कागदपत्रं?

चिलीचा व्हिसा, आपलं मूळ लायसन्स, आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, जो एक वर्ष चालतो. भाड्याची गाडी अर्जेंटिनात न्यायची असेल तर मालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आधीच मागा, ते सीमेवर तयार होत नाही. चिलीत शिरताना फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ यांची तपासणी फार कडक असते. पिशवीत काहीही खाण्याचं असेल तर घोषणापत्रात लिहाच. कोयाइके सोडण्याआधी रोख पेसो काढून ठेवा.

प्रश्न : आमचं दोन तासांच्या प्रवासातही भांडण होतं. तीन आठवडे कसे काढायचे? (नाव छापू नये.)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ते गमतीत लिहिलेलं नाही, म्हणून उत्तरही तसंच देते.

बाईकवर भांडण वाढतं याचं एक कारण असं की दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. इंटरकॉममधून फक्त आवाज येतो, आणि वाऱ्यात ओरडून बोललेला प्रत्येक शब्द रागावल्यासारखा ऐकू येतो. "वळण!" हा शब्द मी घाबरून म्हटला होता, त्याला तो हुकूम वाटला. चौथ्या दिवसापासून आम्ही चालत्या गाडीवर इंटरकॉम बंद ठेवला आणि थापांच्या खुणांवर भागवलं.

दुसरं, रस्त्यात काही ठरवायचं नाही. कुठे थांबायचं, पुढे जायचं की नाही, हे संध्याकाळी पोट भरल्यावर. पुयुवापीला पावसाने आम्ही दोन दिवस अडकलो. १९३५ मध्ये जर्मन लोकांनी वसवलेलं हे गाव, फियोर्डच्या टोकाला. ज्या घरात उतरलो तिथे लाकडाची चूल रात्रंदिवस पेटलेली. त्या चुलीपुढे आमचे चार हातमोजे, आत कागदाचे बोळे कोंबून, ओळीने वाळत ठेवले होते. दर अर्ध्या तासाने तो उठून ते उलटवायचा, आधी माझे. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने माझी कुठलीही वस्तू इतक्या निगुतीने वाळवलेली मी पाहिली नव्हती. त्या रात्री मी त्याला सांगितलं की मागे बसून मला भीती वाटते, केउलातच्याही आधीपासून. तो म्हणाला, "मलाही वाटते, पण तू मागे असतेस म्हणून बोलता येत नाही." इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांसाठी न घाबरल्याचं दाखवत होतो.

तुम्ही नक्की जा. पण आधी चार दिवसांचा लहान प्रवास करा, आणि त्यात भांडण झालं तर कशावरून झालं हे दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा. मग कागद बदला.

प्रश्न : शेवटचं पेट्रोल कुठे भरायचं? आणि विया ओ'हिगिन्सवरून पुढे अर्जेंटिनात जाता येतं ना?

बाईकने जाता येत नाही. हे फार जणांना तिथे पोचल्यावर कळतं. १९७६ मध्ये लष्कराने कामाला सुरुवात केलेला हा रस्ता २००० साली विया ओ'हिगिन्सला पोचला आणि तिथेच थांबला. पुढे तळं आणि हिमनद्या. बोटीने आणि पायवाटेने चालणारे, फार तर सायकलवाले पलीकडे जातात. बाईकला आल्या वाटेने कोक्रेनकडे मागे फिरावं लागतं, म्हणून जाण्या-येण्याचे दिवस धरा.

पेट्रोल कोक्रेनला टाकी काठोकाठ. तिथून शेवटपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जातं, आणि वाटेत तोर्तेलचा फाटा केलात तर जाऊन-येऊन आणखी चाळीसेक. तोर्तेलचा फाटा करा. त्या गावात रस्ते नाहीत, पाण्यावरून गेलेल्या सायप्रसच्या लाकडी वाटा आहेत. गाडी वरच ठेवून पायऱ्या उतरायच्या, सामान कमी घ्या. विया ओ'हिगिन्सलाही पंप आहे, पण त्या एका पंपावर अवलंबून राहू नका. पाच लिटरचा कॅन बरोबर असू द्या, आणि तो मागच्या बाजूला उंच न बांधता पेटीच्या पुढच्या अंगाला खाली बांधा.

पुएर्तो युंगायच्या बोटीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते कोक्रेनलाच विचारून निघा. आमची दहा मिनिटांनी चुकली. परतताना रिओ ब्राव्होच्या बाजूला चुकली तर तिथे प्रवाशांसाठी निवारा आहे, पण खायला काही नाही. दोघांचं रात्रीचं जेवण आणि सकाळचं काहीतरी पेटीत वरच्या थराला ठेवा.